बोलण्याचा खर्च: जिमी लाय कपड्यांच्या धंद्यातून रस्त्यावर कसे आले

हाँगकाँगच्या 'ॲपल डेली' या दैनिकावर सरकारने बंदी घातली, असं अनेकदा म्हटलं जातं. बंदी कधीच आली नव्हती. 'उद्यापासून छापू नका' असा कागद कोणी संपादकांच्या हातात ठेवला नाही. तरीही २४ जून २०२१ रोजी शेवटचा अंक निघाला, कारण कंपनीची खाती गोठवलेली होती. पैसे असून पगार करता येत नव्हते. ज्यांच्याकडून येणं होतं, त्यांनी भरलेली रक्कमही खात्यात जमा होत नव्हती.

हा फरक आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला तोंड आणि लेखणी आठवते. पण आपलं म्हणणं लाखो लोकांच्या घरात पोचवायचं तर छापखाना लागतो, जागेचा भाडेकरार लागतो, जाहिराती लागतात, गठ्ठे उचलणारे वितरक लागतात, बँकेत खातं लागतं. बोलण्याला खर्च येतो. आणि जिथे खर्च येतो, तिथे गळा आवळायला जागा मिळते. ॲपल डेलीचे मालक जिमी लाय मूळचे कापडधंद्यातले. ही गोष्ट त्यांना कुठल्याही पत्रकाराच्या आधी कळली, कारण ती त्यांच्या दुकानापासूनच सुरू झाली होती.

चॉकलेटचा तुकडा

लाय यांचा जन्म १९४७चा, चीनमधल्या ग्वांगझूचा. घर सधन होतं, पण कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर सगळं गेलं आणि आईला श्रमछावणीत पाठवलं गेलं. पोरगं रेल्वे स्टेशनवर प्रवाशांचं सामान वाहू लागलं. एकदा एका प्रवाशाने हमालीबरोबर खिशातला चॉकलेटचा तुकडा दिला. उपाशी पोटी तो खाल्ल्यावर मुलाने विचारलं, तुम्ही कुठले? उत्तर आलं, हाँगकाँग. ही आठवण लाय यांनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितली आहे. बाराव्या वर्षी ते मासेमारीच्या बोटीच्या तळात लपून, मकावमार्गे हाँगकाँगला पोचले आणि हातमोज्यांच्या कारखान्यात कामाला लागले.

पुढचं भराभर सांगतो. कामगाराचे ते व्यवस्थापक झाले, साठवलेला पैसा शेअरबाजारात वाढवला, १९७५ मध्ये एक डबघाईला आलेला कपड्यांचा कारखाना घेतला आणि अमेरिकी दुकानांसाठी स्वेटर विणू लागले. १९८१ मध्ये 'जिओर्डानो' ही स्वतःची दुकानांची साखळी काढली. साधे, स्वस्त, चांगल्या शिलाईचे कपडे. आशियात ती झपाट्याने पसरली. चाळिशी गाठेपर्यंत लाय गडगंज झाले होते आणि राजकारणाशी त्यांचा काही संबंध नव्हता. चीनबद्दल आपल्याला तोवर काहीच वाटत नव्हतं, असं ते स्वतःच म्हणतात.

१९८९ च्या वसंतात बीजिंगच्या तिआनआनमेन चौकात लोकशाहीच्या मागणीसाठी विद्यार्थी जमले, तेव्हा हे बदललं. जिओर्डानोने विद्यार्थ्यांच्या पाठिंब्याचे टी-शर्ट छापले. ३ जूनच्या रात्री रणगाडे आले आणि ४ जूनच्या पहाटेपर्यंत आंदोलन रक्तात बुडवलं गेलं. पुढच्याच वर्षी लाय यांनी 'नेक्स्ट मॅगझिन' हे साप्ताहिक सुरू केलं. कपडे विकणाऱ्याने बातम्या विकायला का घ्याव्यात? लाय यांचा हिशोब धंदेवाल्याचाच होता: माहिती म्हणजे निवड, आणि निवड म्हणजे स्वातंत्र्य. मला हा विचार भाबडा वाटत नाही. ज्याने आयुष्यभर गिऱ्हाईक काय उचलतं ते पाहिलं, तो वाचकालाही निवड करू शकणारा शहाणा माणूस मानतो.

दुकान ओलीस राहतं

१९९४ मध्ये लाय यांनी आपल्या साप्ताहिकात चीनचे पंतप्रधान ली पेंग यांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं. तिआनआनमेनच्या कारवाईशी ली पेंग यांचं नाव घट्ट जोडलेलं होतं. पत्राची भाषा जहाल होती, त्यात चिनी भाषेतली एक सणसणीत शिवीही होती. साप्ताहिकावर कोणी खटला भरला नाही. हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं, तिथे बीजिंगचा हात पोचतही नव्हता. पण जिओर्डानोचं बीजिंगमधलं दुकान बंद झालं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण धंदेवाले गप्प का बसतात याचं उत्तर इथेच आहे. लेखकाला गप्प करायचं तर त्या एका माणसाला पकडावं लागतं, आणि पकडलं की गवगवा होतो. दुकानदाराच्या बाबतीत तसं करावं लागत नाही. परवान्याचं नूतनीकरण लांबतं. अग्निशमनाच्या तपासणीत खोट निघते. जकातीत माल अडकतो. प्रत्येक गोष्टीला नियमाचा आधार असतो, कुठेही 'तुम्ही बोललात म्हणून' असं लिहिलेलं नसतं. शिवाय नुकसान एकट्या मालकाचं होत नाही. कामगार, भागधारक, माल पुरवणारे, सगळे त्याच्याकडे पाहू लागतात आणि विचारतात, तुझ्या मतापायी आमच्या पोटावर पाय का? मोठा धंदा असलेल्या माणसाची भीती बरेचदा स्वतःसाठी नसते. म्हणूनच ती इतकी परिणामकारक ठरते.

लाय यांच्यासमोर दोन वाटा होत्या: माफी मागायची किंवा धंदा सोडायचा. त्यांनी धंदा सोडला आणि जिओर्डानोतला आपला हिस्सा पुढे विकून टाकला. २० जून १९९५ रोजी ॲपल डेली सुरू झालं. नाव बायबलवरून घेतलं. इव्हने सफरचंद खाल्लं नसतं तर जगात पापही नसतं आणि बातमीही नसती, असं लाय यांचं म्हणणं. सुरुवातीच्या जाहिरातीत ते स्वतः डोक्यावर सफरचंद ठेवून बसले होते आणि त्या सफरचंदावर बाण सुटत होते.

वर्तमानपत्र काही सोवळं नव्हतं. भडक मथळे, गुन्हेगारी, नटनट्यांची खाजगी आयुष्यं, सगळा मसाला होता. १९९८ मध्ये तर त्यांनी हद्द ओलांडली. एका बाईने आपल्या मुलांसह जीव दिल्यानंतर तिच्या नवऱ्याला पैसे देऊन, तो वेश्यांबरोबर असल्याची छायाचित्रं छापली. शहर संतापलं आणि पहिल्या पानावर माफी मागावी लागली. लाय यांच्या चाहत्यांना हा प्रसंग आठवायला आवडत नाही, पण मला तो आवश्यक वाटतो. अभिव्यक्तिस्वातंत्र्य फक्त सभ्य आणि निर्दोष वर्तमानपत्रासाठी असेल, तर ते कुणालाच मिळणार नाही. त्याच अंकात मागच्या पानांवर सरकारी कारभाराची चिरफाडही असायची, आणि मसाल्यासाठी अंक घेणारा माणूस तीही वाचायचा.

मतपेटी नसते तेव्हा

१९९७ मध्ये ब्रिटनने हाँगकाँग चीनकडे सोपवलं. १९८४ च्या करारात ठरलं होतं की ५० वर्षं तिथली जीवनपद्धती, न्यायालयं आणि स्वातंत्र्यं तशीच राहतील. यालाच 'एक देश, दोन व्यवस्था' म्हणतात. पण शहराचा प्रमुख सामान्य मतदार निवडत नाहीत, एक निवड समिती निवडते. विधिमंडळातल्या सगळ्या जागाही थेट मतदानाने भरल्या जात नव्हत्या. म्हणजे बोलायला मोकळीक, पण सरकार बदलायची सोय नाही. अशा ठिकाणी रस्ता हीच मतपेटी होते. हाँगकाँगमध्ये मोर्चांना इतकं महत्त्व का, हे एवढ्यावरून लक्षात येईल.

हाँगकाँगच्या मूलभूत कायद्यातलं कलम २३ सांगतं की देशद्रोह, फुटीरता, राजद्रोह अशा गुन्ह्यांसाठी शहराने स्वतःच कायदा करावा. २००३ मध्ये सरकारने तो आणायला घेतला. १ जुलै रोजी मोर्चा ठरला आणि ॲपल डेलीने पहिल्या पानावरून लोकांना रस्त्यावर उतरायचं आवाहन केलं. ७० लाखांच्या आतबाहेर वस्तीच्या शहरात सुमारे ५ लाख लोक चालले. सप्टेंबरमध्ये विधेयक मागे घेतलं गेलं. वर्तमानपत्र आता नुसतं बातमी देणारं राहिलं नव्हतं, ते लोकांना एकत्र आणत होतं. पत्रकारितेच्या काटेकोर व्याख्येत हे बसतं का, यावर वाद घालता येईल. पण लोकमान्यांचा 'केसरी' ज्यांना ठाऊक आहे, त्यांना असं वर्तमानपत्र अनोळखी वाटू नये.

दाब मात्र तसाच राहिला, फक्त त्याने वाट बदलली. मोठ्या बँकांच्या आणि बांधकाम कंपन्यांच्या जाहिराती आटत गेल्या. वर्तमानपत्राचं अर्थकारण जाहिरातीवर चालतं, अंकाच्या किमतीत कागदाचा खर्चही धड निघत नाही. जाहिरातदार शंभर असतात आणि शंभर जणांना एकेक फोन करता येतो. वाचक लाखो असतात, त्यांना फोन करता येत नाही. म्हणून २०१९ मध्ये ॲपल डेलीने वाचकांकडून थेट वर्गणी घ्यायला सुरुवात केली, आणि लाखो लोकांनी ती भरली. एवढी वर्गणी भरणारे वाचक हा माझ्या मते हाँगकाँगच्या चळवळीतला सर्वांत दुर्लक्षित धागा आहे. मोर्चाची छायाचित्रं जगभर गेली, महिन्याच्या वर्गणीचं छायाचित्र निघत नाही.

लाय स्वतःही मागे राहिले नाहीत. लोकशाहीवादी पक्षांना त्यांनी देणग्या दिल्या. २०१४ मध्ये खऱ्या निवडणुकीच्या मागणीसाठी लोकांनी ७९ दिवस रस्ते अडवून धरले, पोलिसांच्या मिरपुडीपासून वाचायला छत्र्या उघडल्या आणि आंदोलनाला तेच नाव पडलं. तेव्हा साठी ओलांडलेला हा कोट्यधीश तंबूत बसलेला दिसायचा. एकदा तिथेच काही जणांनी त्यांच्या अंगावर जनावरांची आतडी फेकली. पुढच्या जानेवारीत त्यांच्या घरावर आणि कचेरीवर पेट्रोल बॉम्ब पडले. त्यांच्याकडे ब्रिटिश नागरिकत्व होतं, कुठेही घर घेण्याइतका पैसा होता. ते गेले नाहीत. मी इथे रिकाम्या हाताने आलो, जे मिळालं ते इथल्या मोकळेपणाने दिलं, तेव्हा आता परतफेडीची वेळ आहे, असं ते म्हणत राहिले.

कायद्याचं यंत्र

२०१९ मध्ये आरोपींना चीनच्या ताब्यात देण्याची वाट मोकळी करणाऱ्या विधेयकावरून शहर पुन्हा पेटलं. जूनमध्ये एका मोर्चात, आयोजकांच्या म्हणण्यानुसार, २० लाख लोक होते. पुढे हिंसाचारही झाला, दोन्ही बाजूंनी. मग ३० जून २०२० च्या रात्री बीजिंगने केलेला राष्ट्रीय सुरक्षा कायदा हाँगकाँगवर लागू झाला. शहराच्या विधिमंडळात त्यावर चर्चा झालीच नाही.

हा कायदा चार गुन्हे सांगतो: फुटीरता, सत्ता उलथवणं, दहशतवाद आणि परकीय शक्तींशी संगनमत. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. पण खरी गोम गुन्ह्यांपेक्षा प्रक्रियेत आहे. एरवी जामीन हा नियम आणि कोठडी हा अपवाद असतो. इथे उलटं आहे: आरोपी पुन्हा असं कृत्य करणार नाही याची न्यायाधीशांना खात्री पटली, तरच जामीन. ज्यूरी न बसवता खटला चालवता येतो. असे खटले ऐकायचे न्यायाधीश शहराचा प्रमुख नेमून देतो. कायद्याचा अर्थ लावायचा अखेरचा अधिकार बीजिंगकडे आहे. लाय यांच्याबाबत या सगळ्या कळा एकामागून एक फिरल्या. डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना कडक अटींवर जामीन दिला. आठवडाभरात सर्वोच्च अपील न्यायालयाने त्यांना पुन्हा कोठडीत पाठवलं आणि फेब्रुवारीत हाच नवा निकष पक्का केला. तेव्हापासून ते बाहेर आलेले नाहीत.

त्याआधीचा एक दिवस जवळून पाहू. १० ऑगस्ट २०२० रोजी सकाळी लाय यांना घरून अटक झाली. दोनशे पोलीस ॲपल डेलीच्या इमारतीत शिरले आणि मालकाला बेड्या घालून त्याच्याच वार्ताहरांच्या टेबलांमधून चालवलं. वार्ताहर ते सगळं फोनवरून थेट दाखवत होते. त्या रात्री ५ लाखांहून जास्त अंक छापायचं ठरलं, नेहमीच्या कितीतरी पट. शहरातल्या मोंग कॉक भागात मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमाराला लोक स्टॉलसमोर रांगेत उभे होते. कुणी एक अंक घेत नव्हतं. पाच, दहा, गठ्ठा. शेअरबाजारात सामान्य माणसांनी कंपनीचे शेअर घेतले, दोन दिवसांत भाव दहापटीहून वर गेला. लाय यांनी तीस वर्षांपूर्वी जो हिशोब मांडला होता, त्याचं उत्तर गिऱ्हाइकाने त्या रात्री स्टॉलवर दिलं.

याला राज्यसत्तेने दिलेलं उत्तरही बाजाराच्याच भाषेत होतं. मे २०२१ मध्ये लाय यांचे शेअर आणि खाती गोठवली गेली. बँकांना सुरक्षा खात्याची पत्रं गेली की या खात्यांत व्यवहार केला तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १७ जूनला पाचशे पोलीस आले, मुख्य संपादकांसह पाच अधिकाऱ्यांना अटक झाली आणि कंपन्यांची १ कोटी ८० लाख हाँगकाँग डॉलरची मालमत्ता गोठली. आठवडाभरात वर्तमानपत्र संपलं. शेवटचा अंक दहा लाख छापला. आदल्या रात्री पावसात लोक इमारतीबाहेर उभे राहून फोनचे दिवे हलवत होते. भाडेकराराचंही हत्यार झालं. छापखान्याच्या इमारतीत लाय यांच्या दुसऱ्या एका छोट्या कंपनीने जागा वापरली, यावरून फसवणुकीचा खटला उभा राहिला आणि डिसेंबर २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयाने ५ वर्षं ९ महिन्यांची शिक्षा दिली.

मुख्य खटला डिसेंबर २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांसमोर सुरू झाला. आरोप तीन: परकीय शक्तींशी संगनमताचे दोन कट, आणि राजद्रोही मजकूर छापण्याचा कट. राजद्रोहाच्या आरोपात ॲपल डेलीत आलेल्या १६१ लेखांचा आधार घेतला गेला. राजद्रोहाचं हे कलम ब्रिटिश वसाहतीच्या काळातलं, अनेक दशकं धूळ खात पडलेलं. टिळकांना १९०८ मध्ये मंडालेला धाडणाऱ्या कलमाचं ते भावंड म्हणता येईल.

संगनमताचा मुद्दा जास्त गुंतागुंतीचा आहे आणि तो टाळू नये. जुलै २०१९ मध्ये लाय वॉशिंग्टनला जाऊन उपाध्यक्ष माइक पेन्स आणि परराष्ट्रमंत्री माइक पॉम्पेओ यांना भेटले होते. हाँगकाँग आणि चीनच्या अधिकाऱ्यांवर अमेरिकेने निर्बंध घालावेत, असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं होतं. आपल्याच सरकारवर दुसऱ्या देशाने दाब आणावा, ही मागणी अनेकांना खटकते, आणि खटकण्यात गैर काही नाही. सरकारी बाजू म्हणाली, हे पत्रकारितेच्या आडून केलेलं कारस्थान. लाय ५२ दिवस साक्षीच्या पिंजऱ्यात होते. त्यांचं म्हणणं होतं, हा कायदा आल्यावर मी अशी मागणी थांबवली. माझं मत स्पष्ट आहे: उघडपणे केलेली मागणी, मग ती कितीही न पटणारी असो, बोलणंच आहे. तिला उत्तर युक्तिवादाने द्यावं. कायदा होण्याआधीचं बोलणं नंतरच्या हेतूचा पुरावा म्हणून वापरलं जाऊ लागलं, की काल काय बोललो याचीही आज भीती वाटायला लागते. न्यायालयाला तसं वाटलं नाही. १५ डिसेंबर २०२५ रोजी ८५५ पानांच्या निकालात लाय तिन्ही आरोपांत दोषी ठरले.

या सगळ्या खटल्यांत एक लहानसा होता, त्याकडे मी पुनःपुन्हा परत येतो. ४ जून २०२० रोजी, तिआनआनमेनच्या स्मृतिदिनी, व्हिक्टोरिया पार्कातल्या मेणबत्ती सभेला साथीचं कारण देऊन परवानगी नाकारली होती. लाय तिथे आले, पत्रकारांसमोर एक मेणबत्ती पेटवली आणि थोड्या वेळाने निघून गेले. भाषण नाही, घोषणा नाही. न्यायालय म्हणालं, त्यांचं तिथे असणंच इतरांना चिथावणी होती. तेरा महिन्यांची शिक्षा झाली. शिक्षेआधी त्यांनी कोर्टाला हाताने लिहिलेलं पत्र दिलं. अन्यायाने मेलेल्यांची आठवण काढणं गुन्हा असेल तर तो माझ्यावर लावा आणि मला ती शिक्षा भोगू द्या, अशा आशयाचं.

आता त्यांच्याकडे छापखाना नाही, दुकान नाही, खात्यावर ताबा नाही. कोठडीत ते एकटे असतात आणि रेघांच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी मेरीची आणि क्रुसावरच्या ख्रिस्ताची चित्रं काढतात. त्यातली काही पत्रांबरोबर बाहेर पोचली आहेत.